भुशाचा बोर्ड, सोयाबीनचा गोंद आणि चिपळूणचा पावसाळा

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फर्निचरचे ढीग लागले होते, आणि त्यातली बरीच कामं माझ्या हातची होती. सागाच्या खुर्च्या लोकांनी धुऊन उन्हात ठेवल्या, चार दिवसांत पुन्हा बसायला घेतल्या. पार्टिकल बोर्डाची कपाटं मात्र हात लावला की लापशीसारखी ओंजळीत येत होती. वर सनमायका जसाच्या तसा चकचकीत आणि आत नुसता लगदा. तेव्हापासून भुशाच्या बोर्डाचं नाव कुणी काढलं की मी लांबूनच हात जोडतो. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी त्या बोर्डाबद्दल बरं बोललो तर कुणाला वाटायला नको की पैसे घेऊन लिहिलंय.

मी सुतार. धंद्यात सव्वीस वर्षं झाली, त्याआधी वडिलांच्या हाताखाली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मार्कंडीतल्या एका मास्तर-बाईंच्या घरी काम निघालं. दोघंही शाळेत शिकवतात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, सहा वर्षांच्या मुलाला दमा. त्यांनी आधी रेडीमेड कपाट आणलं होतं. ते खोलीत ठेवल्यापासून मुलाचे डोळे चुरचुरायचे आणि रात्री खोकला वाढायचा. शेवटी कपाट गॅलरीत नेऊन ठेवलं. बाई म्हणाल्या, "दादा, वास येणार नाही असं कपाट करून द्याल का?"

तो वास आम्हा सुतारांच्या ओळखीचा. नवी शीट करवतीने फाडली, विशेषतः एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), की नाकात झणझणतं आणि डोळ्यांत पाणी येतं. आपण त्याला 'नव्या फर्निचरचा वास' म्हणतो, जसा काही तो चांगुलपणाचा भाग आहे. तो असतो फॉर्मल्डिहाइड वायू. साधे बोर्ड युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदात दाबलेले असतात. गोंद स्वस्त, झटपट पकडतो, रंगही सोडत नाही. पण दमट हवेत तो हळूहळू सुटत जातो आणि वायू बाहेर पडत राहतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या वायूला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. शीटवर ई-वन, ई-झीरो असे शिक्के दिसतात ते याच वायूच्या मापाचे. ई-वन म्हणजे कमी. नाहीच असं नाही. मी स्वतः कित्येक वर्षं बंद खोलीत मास्क न लावता ते फाडत आलोय. आता बोलून काय उपयोग.

सागाचं करून देतो म्हटलं तर मास्तरांच्या बजेटच्या बाहेर. तेवढ्यात आमच्या वखारवाल्याकडून कळलं की घाटावरून कुणी मुलगा येतो, पोती भरभरून भुसा आणि रंध्याची छिलपं घेऊन जातो, आणि त्याचे बोर्ड करतो, सोयाबीनच्या पेंडीत. मला हसू आलं. पण मग वडिलांचं आठवलं. ते सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस रात्री भिजत घालायचा, सकाळी डबा गरम पाण्यात ठेवून वितळवायचा, आणि त्या वासाने आई आम्हाला सगळ्यांना अंगणात हाकलायची. फेविकॉल १९५९ मध्ये आलं, पण आमच्या घरात सरसाचा डबा त्यानंतरही बरीच वर्षं चुलीवर चढायचा. सावंतवाडीचे चितारी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, करताना कापड चिंचोक्याच्या खळीने कडक करतात हे तर सगळ्या कोकणाला ठाऊक आहे. म्हणजे झाडापाल्याचा आणि जनावराचा गोंद ही काही नवलाची गोष्ट नव्हे. तो बाजारातून गेला आणि आता नाव बदलून परत येतोय.

कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला त्यांचं शेड आहे. नाव लिहीत नाही. चार माणसांचं काम आहे, आणि पुढे मी त्यांच्या दोन चुका सांगणार आहे; तेवढ्यावरून उद्या कुणी फोन करून त्यांना झापायला नको. मालक इंजिनिअर पोरगा, मला काका म्हणतो, तास दोन तास बसून त्याने सगळं दाखवलं.

भुसा आल्यावर आधी चाळतात. मला वाटत होतं सगळा भुसा सारखाच. तसं नाही. करवतीचा बारीक भुसा एकटाच दाबला तर बोर्ड बिस्किटासारखा तुटतो, कारण त्याच्यात धागा नाही. रंध्याची छिलपं लांब असतात, ती एकमेकांत अडकतात. म्हणून मधल्या थरात छिलपं आणि वर-खाली बारीक भुसा, म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत येतो आणि आतला दम टिकतो. आंबा, फणस, आकेशिया असं जे मिळेल ते चालतं. सागाचा भुसा मात्र तो कमी घेतो, कारण सागात तेल असतं आणि गोंद नीट धरत नाही. हे ऐकून मात्र मला त्याच्याबद्दल जरा आदर वाटला. सागाला फेविकॉल लावताना आम्हीही आधी पॉलिश पेपर मारून तो चिकटपणा काढतो.

गोंद म्हणजे तेल काढलेल्या सोयाबीनच्या पेंडीचं बारीक पीठ, पाण्यात कालवलेलं. पेंडीतलं प्रथिन गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं असतं, ते उलगडलं की लाकडाला धरतं. पण नुसतं ते पाण्यात सुटतं. त्यासाठी वरून एक रसायन घालतात, टी-बॅगचा आणि टिश्यूचा कागद ओला झाल्यावर फाटू नये म्हणून घालतात त्याच जातीचं. मी विचारलं, मग हे पूर्ण झाडाचं कसं? पोरगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "काका, पूर्ण नाही. पण यात फॉर्मल्डिहाइड अजिबात नाही." हे लक्षात ठेवा. कुणी 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून बोर्ड विकायला आला तर त्याला विचारा की पाण्यासाठी काय घातलंय. नीट उत्तर आलं तर माणूस बरा.

ही युक्ती त्याची स्वतःची नव्हे, तेही त्यानेच सांगितलं. अमेरिकेत ऑरेगन स्टेट विद्यापीठातले काइचांग ली समुद्रातले शिंपले बघत होते. लाटा आदळत असताना शिंपला खडकाला चिकटून कसा राहतो, त्याच्या प्रथिनात असं काय आहे, तेच सोयाबीनच्या प्रथिनात आणता येईल का, असं ते काम. २००५ पासून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स ही कंपनी त्या गोंदाचा प्लाय विकते, आणि २००७ मध्ये त्याला तिकडचा ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी हे ऐकून हसलो. आमच्याकडे कालवं खडकावरून काढताना कोयता बोथट होतो, पण त्यावरून प्लाय करावा हे काही कुणाला सुचलं नाही.

त्यांचा बोर्ड दाबायचा प्रेस मात्र छोटा. त्यामुळे शीट सहा बाय तीनची. आठ बाय चार मिळत नाही. ही पहिली अडचण, आणि सुतारासाठी ती मोठी आहे. सात फुटी कपाटाचं शटर एका पानात निघतच नाही. मी मास्तरांना दोन भागांचं कपाट पटवलं, खाली सहा फुटी, वर लॉफ्ट वेगळा. दिसायला वाईट नाही, पण जोड तो जोड.

चौदा शीट घेतल्या. १८ मिलीची शीट ५८ रुपये चौरस फूट, म्हणजे एकीचे १,०४४ आणि चौदांचे १४,६१६. टेम्पोचे १,२०० वेगळे. साध्या पार्टिकल बोर्डापेक्षा हे महाग पडतं, चांगल्या वॉटरप्रूफ प्लायपेक्षा बरंच स्वस्त. एक शीट मी वजनकाट्यावर टाकली, २३ किलो भरली. एवढ्याच मापाचा साधा बोर्ड २१ च्या आसपास असतो. उचलताना कळतं.

आता जे मी हाताने करून बघितलं ते सांगतो.

घरात लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या होत्या. बायकोला न विचारता घेतल्या, ते नंतर महागात पडलं. दोन्हींच्या तळाशी थोडं पाणी, वर दोऱ्याने टांगलेला बोर्डाचा तुकडा, झाकण घट्ट, आणि बरण्या दिवसभर पत्र्याच्या शेडखाली उन्हाच्या उबेत. संध्याकाळी झाकण काढलं. साध्या बोर्डाच्या बरणीवर नाक नेलं आणि मान आपोआप मागे आली, डोळे भरले. दुसऱ्या बरणीत भिजवलेल्या पेंडीचा वास. गाईच्या गोठ्यात सकाळी जसा येतो, तसा. माझ्या हाताखालच्या पोराला डोळे झाकून हुंगायला दिलं तर म्हणाला, "ह्या बरणीत म्हशीचा खुराक आहे." कपाट बनून सनमायका लागल्यावर तो वासही राहिला नाही. मास्तरांच्या मुलाला त्या खोलीत झोपवून आता वर्ष होत आलं. दमा गेला असं मी म्हणणार नाही, मी सुतार आहे, डॉक्टर नाही. डोळे चुरचुरत नाहीत एवढं बाई सांगतात.

मग पाणी. चार इंची तीन तुकडे बादलीत, वर वीट ठेवून, चोवीस तास. एक हा, एक साधा पार्टिकल बोर्ड, एक हिरवट रंगाचा दमटपणा सहन करणारा बोर्ड जो हल्ली किचनला वापरतात. व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजलं. साधा बोर्ड १८ वरून २१.६ मिली झाला आणि कडेने बोटाने कुरतडता येत होता. हा १८.१ वरून २०.४. फुगला, पण तुटला नाही. सुकल्यावर थोडा बसलाही. हिरवा १८.७ वर थांबला. म्हणजे हा मधला. पुरात टिकेल या भ्रमात राहू नका. ओल्या फडक्याने पुसलात तर काही होणार नाही.

कापायला मात्र मस्त. ब्लेडवर गोंद चढत नाही, कडा झडत नाहीत, आणि उडालेली धूळ डोळ्यांत गेली तरी नेहमीसारखी झोंबत नाही. धूळ ती धूळच, मास्क लावा. स्क्रूचं सांगायचं तर सपाट बाजूने छान पकडतो. तीनदा काढून तोच स्क्रू त्याच भोकात बसवला, चौथ्यांदा सैल झाला. साध्या बोर्डात दुसऱ्यांदाच सैल होतो. कडेतून मारायचा असेल तर मात्र आधी गिरमिटाने भोक पाडलंच पाहिजे. मी घाईत एकदा सरळ मारला आणि बोर्ड मधोमध पुस्तकासारखा उघडला.

त्यावरूनच पहिल्या चुकीकडे येतो. चौदापैकी एका शीटमध्ये फुगा होता. बाहेरून काही दिसत नव्हतं. बोटाने ठोकत गेलो तर एका जागी आवाज पोकळ, पिकलेल्या कलिंगडासारखा. कापली तर आत हातभर लांब फट. पोराला फोटो पाठवला. त्याने लगेच मान्य केलं. सोयाबीनच्या गोंदात पाणी जास्त असतं, प्रेसमध्ये त्याची वाफ होते, आणि प्रेस घाईत उघडला की ती वाफ आतून बोर्ड फाडून बाहेर येते. युरियाच्या गोंदापेक्षा याला जास्त वेळ दाबून ठेवावं लागतं. "त्या दिवशी लाईट जाणार होती काका, म्हणून लवकर उघडला." बदली शीट द्यायला पाच आठवडे लावले. माझं काम तेवढ्यासाठी अडलं, मास्तरांच्या हॉलमध्ये पाच आठवडे उघडे कप्पे. दुसरी चूक जाडीची. सगळ्या शीट १८ मिलीच्या म्हणून घेतल्या, मोजल्या तर १७.४ पासून १८.३ पर्यंत. एज बँड, म्हणजे कडेला चिकटवायची पट्टी, चढवताना प्रत्येक पानाला वेगळं सेटिंग. एक-दोन तुकडे मी रंध्याने सारखे केले, पण बोर्डाला रंधा मारणं म्हणजे धारेची वाट. तुम्ही घेणार असाल तर व्हर्नियर खिशात घेऊन जा आणि प्रत्येक शीट ठोकून घ्या. लाजायचं काही कारण नाही, कलिंगड घेतानाही आपण ठोकतोच.

कपाट मार्चअखेर बसलं. मला खरी काळजी जूनची होती.

कोकणात पावसाळ्यात चामड्याची चप्पल चार दिवस न घालता ठेवली तर हिरवी होते. मग सोयाबीनचं प्रथिन म्हणजे बुरशीला पंक्तीला बोलावण्यासारखंच. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. मी विळा, टॉर्च, फडकं घेऊन गेलो. समोरून सगळं ठीक. कपाट थोडं पुढे ओढलं आणि मागच्या फळीवर, अगदी खाली, भिंतीच्या बाजूला, वीतभर रुंद राखाडी लव दिसली, उंदराच्या अंगासारखी. ती भिंत बाहेरून पावसाच्या तोंडाची, ओल झिरपणारी. पण दोष भिंतीपेक्षा माझा जास्त. मागच्या फळीची खालची कड मी उघडी सोडली होती. दिसत नाही तिथे कोण पट्टी लावतो, ही आम्हा सुतारांची जुनी सवय. जिथे जिथे सनमायका आणि एज बँड लागलेला होता तिथे बुरशीचा ठिपकाही नव्हता.

फडक्याने पुसलं, दोन दिवस पंखा लावून सुकवलं, उघड्या कडांना पॉलिशचे दोन हात दिले आणि कपाट भिंतीपासून दीड इंच पुढे बसवलं. सप्टेंबरपर्यंत पुन्हा आली नाही.

त्याच वेळी एक उद्योग केला. आमच्याकडे जुन्या घरांच्या वाशांना आणि होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, वाळवी आणि पाण्यासाठी. एका तुकड्याला ते लावून बघितलं. बुरशी आली नाही हे खरं. पण तुकडा काळाकुट्ट झाला, पंधरा दिवस चिकट राहिला, आणि माझ्या मनगटावर जिथे शिंतोडा उडाला तिथली कातडी सोलून निघाली. त्याच तेलातून कारखान्यात चांगले गोंद आणि रंग करतात, त्यावर प्रक्रिया करून. कच्चं तेल आणून घरात लावू नका. वाळवीचंही बघून घेतलं. एक तुकडा कंपाउंडच्या कडेला जांभ्याच्या मातीत पुरला. दोन महिन्यांनी उकरला तर मातीच्या नळ्या आणि अर्धा बोर्ड गायब. शेजारी पुरलेल्या साध्या बोर्डाचीही तीच गत. वाळवी भेदभाव करत नाही.

तर, कुणी विचारलं तर माझं उत्तर असं. मुलांच्या खोलीचं कपाट, पुस्तकांचं शेल्फ, पलंगाचं डोकं, अभ्यासाचं टेबल, वरच्या मजल्यावर, सगळ्या कडा बंद करून: बिनधास्त घ्या. किचनच्या सिंकखाली, बाथरूमच्या दारात, बाल्कनीत: अजिबात नाही. आणि बाजारपेठेत तळमजल्यावर दुकान असेल तर हा बोर्डही नको आणि कुठलाच बोर्ड नको, लोखंडी रॅक घ्या. पुस्तकांचं शेल्फ करताना तीन फुटांचा खाना धरू नका, दोन-सव्वादोनवर मध्ये आधार द्या, कारण वजनाने हा वाकतो. आणि सुताराला मागची कड बंद करायला सांगा. तो 'काही गरज नाही' म्हणेल. मीही म्हणालो होतो.

दहापैकी किती गुण, असं आजकाल विचारतात. मालाला सात, फिनिशिंगला पाच, वेळेला तीन, खरं बोलण्याला नऊ.

मी परत घेतोय. शाळेतल्या वाचनालयाचं काम मास्तरांनीच आणून दिलंय, सहा शेल्फ, बावीस शीट. पोरगा म्हणतो मोठा प्रेस दिवाळीपर्यंत येईल. मागच्या आठवड्यात त्याचा टेम्पो भुसा न्यायला आला तेव्हा मी वखारीतच होतो. इतकी वर्षं हा वखारवाला भुसा कुणीतरी घेऊन जा म्हणून मागे लागायचा. वीटभट्टीवाले नेत, पोल्ट्रीवाले नेत, उरलेला मागे ओढ्याच्या काठी टाकत. पोराने पोती मोजली, टेम्पोत चढवली आणि निघाला, तेवढ्यात वखारवाला खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "थांब जरा. पोत्याला वीस रुपये."